मोठ्या आवाजाचे साहेब

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत उपकरणांच्या वर एक पाटी टांगलेली असे. येथे हळू बोलावे, एवढीच तिच्यावर विनंती. तिच्याखाली उभे राहून गप्पा मारणाऱ्या अर्नेस्ट रदरफर्ड यांचे छायाचित्र आजही आवडीने छापले जाते, कारण ती पाटी मुख्यतः त्यांच्यासाठीच होती असे मानतात. कण मोजणारी नाजूक यंत्रे आवाजाने बिथरत आणि प्रमुखांचा आवाज तर खणखणीत.

रदरफर्ड यांचा जन्म १८७१ मध्ये न्यूझीलंडमधला. बारा भावंडांतले ते चौथे, वडील चाके घडवणारे कारागीर, आई शिक्षिका. शिष्यवृत्ती मिळवून १८९५ मध्ये ते इंग्लंडला आले. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियलमध्ये किरणोत्सारावर जे काम केले, त्याबद्दल १९०८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांची खरी कमाई त्यानंतरची. मॉन्ट्रियल, मँचेस्टर आणि केंब्रिज या तीन ठिकाणी त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत सॉडी, हान, बोर, चॅडविक, कॉकक्रॉफ्ट, वॉल्टन, ब्लॅकेट, कपित्सा अशी नोबेल विजेत्यांची रांगच लागते. असे एखाद्याच्या बाबतीत घडले तर योगायोग म्हणता येईल.

मँचेस्टरला अल्फा कण मोजायचे म्हणजे आधी अंधारात बसून डोळे सरावू द्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरची बारीक चमक टिपत राहायचे. हे चिकाटीचे काम आपल्याला जमणार नाही, हे रदरफर्ड यांना ठाऊक होते. त्यांनी ते हान्स गायगर यांच्याकडे सोपवले, आणि जोडीला अर्नेस्ट मार्सडेन हा पदवीही न मिळालेला वीस वर्षांचा मुलगा दिला. धातूच्या पत्र्यावरून एखादा कण उलटा फिरतो का, हे पाहा, असे त्याला सांगितले. तसे होईल अशी खुद्द त्यांनाही फारशी आशा नव्हती. आठ हजारांत एखादा कण उलटा फिरला आणि त्यातूनच १९११ मध्ये अणुकेंद्रकाची कल्पना पुढे आली. नवख्या मुलाला किरकोळ काम देऊन गुंतवून ठेवायचे, असा हिशेब त्यांनी केला नाही.

ते शांत स्वभावाचे मुळीच नव्हते. प्रयोग अडला की आवाज चढे, आणि राग ओसरला की स्वतःच जाऊन माफी मागत. नील्स बोर यांचा १९१३ चा लेख त्यांना फार लांब वाटला, काटछाट करू का म्हणून विचारले. तर बोर डेन्मार्कहून थेट मँचेस्टरला येऊन संध्याकाळच्या संध्याकाळी वाद घालत बसले. शेवटी माघार रदरफर्ड यांनी घेतली आणि लेख जवळजवळ जसाच्या तसा छापला गेला.

१९१९ मध्ये ते कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले. बेसूर आवाजात भजन गुणगुणत ते फेरी मारत आणि कोणाच्याही टेबलाशी बसून काम कुठवर आले याची चौकशी करत. संध्याकाळी सहाला प्रयोगशाळा बंद होई, कारण उरलेला वेळ विचार करण्यासाठी आहे असे त्यांचे मत होते. कामाचे तास वाढवत नेणाऱ्या आजच्या कचेऱ्यांना हे पटणे कठीण आहे. मात्र फेरीचा अर्थ नुसती विचारपूस असा नव्हता. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यंत्र सुधारण्यातच रमले आहेत असे दिसताच त्यांनी दोघांना फैलावर घेतले. १४ एप्रिल १९३२ रोजी वॉल्टन यांना लिथियमचा अणू फुटल्याच्या चमका दिसल्या, तेव्हा साठीतले धिप्पाड रदरफर्ड त्या अरुंद पेटीत अंग चोरून शिरले.

खरी कसोटी १९३४ मध्ये लागली. प्योत्र कपित्सा हा त्यांचा लाडका रशियन सहकारी. त्याच्यासाठी त्यांनी खास नवी प्रयोगशाळा उभारून घेतली होती. कपित्सा त्यांना पाठीमागे ‘मगर’ म्हणे आणि त्या इमारतीच्या भिंतीवर त्याने मगरच कोरून घेतली. सुट्टीत मायदेशी गेलेल्या कपित्साला सोव्हिएत सरकारने परत येऊ दिले नाही. रदरफर्ड यांनी शक्य ते सगळे प्रयत्न केले, पण यश आले नाही. उपकरणांविना कपित्सा मॉस्कोत खचत चालला होता. तेव्हा त्यांनी केंब्रिजमधली त्याची यंत्रे ३० हजार पौंडांना सोव्हिएत सरकारला विकण्याची व्यवस्था केली आणि कामाला लाग, असे बजावणारी पत्रे त्याला लिहीत राहिले. पुढे मॉस्कोतच कपित्साने द्रव हेलियमच्या अतिप्रवाहितेचा शोध लावला आणि १९७८ मध्ये नोबेल मिळवले.

सगळ्यांच्या वाट्याला हे औदार्य आले नाही. मॉन्ट्रियलमध्ये हॅरिएट ब्रुक्स या विद्यार्थिनीची मनापासून कदर करणारे रदरफर्ड केंब्रिजच्या वर्गात मात्र एकट्या बसलेल्या सिसिलिया पेन हिच्याकडे रोखून पाहत महिलांना उद्देशून संबोधन करत आणि मुले पाय आपटून हसत. ताऱ्यांत मुख्यतः हायड्रोजन असतो, हे पुढे दाखवले ते याच पेनने.

दुसरी चूक प्रयोगशाळेला भोवली. संशोधक विद्यार्थ्यांची रोजची देखरेख आणि साहित्याची जुळवाजुळव खरे तर जेम्स चॅडविक करत, म्हणूनच साहेबांना फेऱ्या मारायला सवड मिळे. चॅडविक यांना सायक्लोट्रॉन हवा होता. लाख आणि दोऱ्यावर प्रयोग निभावलेल्या रदरफर्ड यांना अशा खर्चिक यंत्रासाठी कुणाकडे पैसे मागणे नको वाटे. १९३५ मध्ये चॅडविक लिव्हरपूलला निघून गेले. पुढच्याच वर्षी मोटार उद्योजक हर्बर्ट ऑस्टिन यांनी कॅव्हेंडिशला अडीच लाख पौंड दिले.

रदरफर्ड यांना बेंबीजवळ हर्निया होता आणि त्यासाठी ते पट्टा वापरत. अशा हर्नियात आतड्याला पीळ बसून रक्तपुरवठा तुटला तर तासातासाला धोका वाढतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये तसेच झाले. शस्त्रक्रिया झाली, पण आतड्याची हालचाल पूर्ववत होईना. १९ तारखेला ते गेले. ऑस्टिन यांच्या पैशातून उभा राहणारा सायक्लोट्रॉन तेव्हा अजून सुरू झालेला नव्हता.