कुशिंग यांनी सोडलेली वाट

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या घराण्यात १८६९ साली जन्मलेले हार्वे कुशिंग मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक मानले जातात. कवटीच्या तळाशी, नाकामागे असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ ते १९०९ पासून नाकावाटे काढू लागले. २००हून अधिक शस्त्रक्रियांनंतर त्यांनी ही वाट सोडली. त्या अरुंद, अंधाऱ्या बोळात नीट दिसेना. नजर वाचवायला कवटी उघडणेच त्यांना बरे वाटले. बहुतेकांनी तेच केले. एडिंबरोचे नॉर्मन डॉट, त्यांचेच शिष्य, मात्र नाकावाटेच जात राहिले. कुशिंग १९३९ साली गेले. पुढे सूक्ष्मदर्शक आणि एंडोस्कोपने तिथे उजेड नेला; आता मुंबई-पुण्यातही अशा बहुतेक गाठी नाकातूनच निघतात.

अडते ते निदानाशी. हिवरे बाजारसारख्या गावात ऐन चाळिशीत कुणाची अंगठी, चप्पल घट्ट होऊ लागली, कडेचे दिसेनासे झाले, तर नुसता चष्मा बदलू नये. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारावे.