पाटीलबावांच्या पलटणी

अठराव्या शतकातील मराठ्यांच्या इतिहासात महादजी शिंदे यांचे नाव मोठे आहे. पानिपतात मोडलेली मराठी सत्ता उत्तरेत त्यांनी पुन्हा उभी केली, दिल्लीचा बादशहा आपल्या आश्रयाला आणला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. परंतु महादजींचे आणखी एक कार्य आहे आणि त्याचा विचार सहसा कमी होतो. युरोपी पद्धतीची कवायती फौज मराठ्यांत इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम त्यांनीच उभारली. ती का उभारली, कशी चालवली आणि त्यांच्यामागे तिचे काय झाले, हे पाहिले म्हणजे आधुनिक लष्कर म्हणजे नेमके काय, याचा मोठा धडा मिळतो.

महादजी हे साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे. राणोजी शिंदे यांचे ते पुत्र. शिंद्यांचे घराणे रणांगणावरच खर्ची पडले. भाऊ जयाप्पा १७५५ साली नागोरला मारेकऱ्यांच्या हातून गेले. दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुकोजी पडले आणि पुतण्या जनकोजीही पुढे शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. महादजी त्या दिवशी पाठलागात पायावर वार लागून पडले होते. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणले. पाय जन्माचा अधू झाला. महादजींनी या उपकारकर्त्याला भाऊ मानले आणि पुढे सेनापतीच्या योग्यतेला चढवले. जात, धर्म वा कूळ न पाहता माणूस पारखण्याचा त्यांचा गुण येथेच दिसतो.

शिंद्यांची सरदारी १७६८ मध्ये त्यांना मिळाली. १७७२ च्या आरंभी मराठ्यांच्या बळावर शहा आलम दिल्लीच्या तख्तावर येऊन बसला. १७७९ साली वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले, त्यातही महादजींचा हात मोठा होता. पण पुढच्याच दोन वर्षांत चित्र पालटले. १७८० च्या ऑगस्टमध्ये पॉफम या इंग्रज अधिकाऱ्याने ग्वाल्हेरचा दुर्गम किल्ला रात्री शिड्या लावून घेतला आणि १७८१ मध्ये कॅमॅकने खुद्द महादजींच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला. थोड्याशा शिस्तबद्ध पायदळापुढे हजारो घोडेस्वार का मागे हटतात, हा प्रश्न महादजींच्या मनात बसला तो बसलाच. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रज व पेशवे यांच्यामध्ये जामीन राहण्याचा मान त्यांना मिळाला, तरी या प्रश्नाचा त्यांना विसर पडला नाही.

मराठी फौजेची जुनी रचना येथे लक्षात घेतली पाहिजे. तिचा प्राण घोडदळ. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. सरदाराला सरंजाम तोडून दिलेला असे व त्यातून तो आपले पथक पोसत असे. झटपट हालचाल, शत्रूची रसद तोडणे आणि प्रसंगी पसरून जाणे, यांत ही फौज अजोड होती. पण एका ठिकाणी पाय रोवून उभे राहायचे, तर वेगळा शिपाई लागतो. चकमकीची बंदूक, तिच्या टोकाला संगीन, रांगेत उभे राहून हुकमासरशी एकदम बार काढणे, लगेच पुन्हा भरणे आणि शेजारचा पडला तरी रांग न मोडणे, हे रोजच्या कवायतीनेच अंगी बाणते. या पायदळाला चपळ तोफखान्याची जोड मिळाली की घोडदळाचा हल्ला त्यावर आदळून फुटतो. युरोपातील त्या काळची आधुनिक युद्धकला ती हीच.

१७८४ साली महादजींनी डी बॉयन या सव्हॉय प्रांतातील अनुभवी अधिकाऱ्याला नोकरीस ठेवले. सुरुवात लहान होती. प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभ्या राहिल्या. सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्यास तोफा ओतण्याचे काम चालवले. त्याच साली बादशहाने महादजींना वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद दिले.

खरी परीक्षा १७८७ मध्ये लालसोटला झाली. जयपूर व जोधपूरकरांशी गाठ पडली असता महादजींकडील मुघल पलटणी थकलेल्या पगारासाठी बिथरल्या आणि तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. डी बॉयनच्या दोन पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत. बंदूक आणि कवायत असून भागत नाही, वेळेवर पगार हवा, हा धडा महादजींनी घेतला. १७८८ च्या जूनमध्ये आग्र्यापाशी त्यांनी शत्रूचा मोड केला. त्याच वर्षी गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यावर चालून गेलेल्या फौजेत राणेखानाबरोबर जिवबादादा केरकर होते.

हे जिवबादादा आपल्या पेडण्यातील केरी गावचे. शिंद्यांच्या लष्कराचे ते बक्षी. हजिरी, घोड्यांची गणती, पगाराची वाटणी हे बक्षीचे मूळ काम. लष्कराची नाडी त्याच्या हाती असे. जिवबादादा नुसते हिशेबनीस नव्हते. पाटण आणि मेडत्याच्या मोहिमांत ते होते आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्वही त्यांनीच केले. हा वीर उत्तरेत बादशाही सावरत होता, त्याच १७८८ साली त्याचा पेडणे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. डिचोली तर आधीच गेली होती. इतिहासाचे हे विचित्र योगायोग मनाला चटका लावतात.

१७९० मध्ये दहा पलटणींचा पहिला कंपू तयार झाला आणि पुढे असे तीन कंपू झाले. २० जून १७९० रोजी पाटणला आणि १० सप्टेंबरला मेडत्याला या फौजेने जय मिळवला. मेडत्याला राठोडांचे घोडदळ प्राणावर उदार होऊन तुटून पडले, पण चौकोन बांधून उभ्या राहिलेल्या पलटणींवर ते आपटून विरले. जखमींना भरपाई, अपंगांना जमिनी, ही सोयही या फौजेत होती.

एवढी उत्तम घडी बसली, तरी तिच्यात एक वैगुण्य राहून गेले. लालसोटचा अनुभव पुन्हा नको म्हणून महादजींनी कंपूंच्या खर्चासाठी दुआबातील मोठा मुलूख डी बॉयनकडे लावून दिला. वसूल तोच करी, पगार तोच वाटी, हुकूमही तोच देई. पलटणींवर निशाण असे ते सव्हॉयच्या पांढऱ्या क्रुसाचे. अधिकारी बहुतेक परके. म्हणजे जुन्या फौजेच्या पगारावर शिंद्यांच्या बक्षीची नजर होती, पण नव्या फौजेची थैली एका परक्याच्या कमरेला होती. डी बॉयन इमानाने वागला आणि महादजींची जरब होती, तोवर हे खपले. पण व्यवस्था माणसाच्या इमानावर उभी राहिली की माणसाबरोबरच ती जाते.

१७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाची फर्माने त्यांनी पेशव्यांना समारंभाने अर्पण केली, आपण मात्र पाटीलकीचाच मान मिरवला. म्हणूनच लोक त्यांना पाटीलबावा म्हणत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस त्यांचे निधन झाले. त्यांची छत्री आजही तेथे आहे. पुत्र नव्हता. गादीवर आलेले दौलतराव वयाने अगदी लहान होते. डी बॉयन लवकरच युरोपला परतला व त्याच्या जागी पेरॉन आला. १७९६ मध्ये जिवबादादाही गेले. जुनी जाणती माणसे पुढे घरच्या कलहात बाजूला पडली.

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले. इंग्रजांनी शिंद्यांच्या परक्या अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याची लालूच दाखवली. कित्येक निघून गेले, पेरॉनही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पण शिपाई पळाला नाही. असईला २३ सप्टेंबर रोजी शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मारले वा जखमी केले. १ नोव्हेंबरला लासवारीला तर अधिकारी सोडून गेलेल्या पलटणी जागच्या जागी लढून कापल्या गेल्या. त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द इंग्रज सेनापती लेक याने दिली. हात आपले होते, डोके उसने होते, आणि ऐन वेळी ते मालकाकडे परत गेले.

महादजींना दोष देण्याचे कारण नाही. नवे ते ओळखून स्वीकारण्याचे धैर्य त्या काळी फार थोड्यांत होते. त्यांना आणखी वीस वर्षे मिळती, तर आपलेच अधिकारी घडवण्याची सोय त्यांनी केली असती, असे मानायला जागा आहे. पण कारभाराला अशा भरवशावर राहता येत नाही. शस्त्र विकत मिळते, शिक्षकही पगारावर मिळतो. अधिकारी घडवणारी शाळा, नियमित पगार देणारा खजिना आणि राज्याशी बांधलेले इमान या गोष्टी मात्र घरीच वाढवाव्या लागतात.

आपण मुरगावकर बंदरात युद्धनौका नेहमी पाहतो. १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या विनाशिकेला आपल्याच गावाचे नाव आहे. तिचा आराखडा नौदलाने केला आणि ती बांधली मुंबईच्या माझगाव गोदीत. तिच्यावरचे अधिकारीही याच देशात शिकलेले. आपल्या महाविद्यालयातून उद्या जे विद्यार्थी सैन्यात वा नौदलात जातील, त्यांनी पाटीलबावांचे हे चरित्र मनाशी ठेवावे आणि केरीच्या जिवबादादांनाही विसरू नये.