केरीसाहेबांची शाळा

मोठ्या वयात विद्या येत नाही असे म्हणणारांसाठी आम्ही विल्यम केरी यांचे चरित्र थोडक्यात देतो. यांचा जन्म सन १७६१ त इंग्लंडातील एका खेड्यात झाला. ते जोडे शिवीत, व काम करिता करिता ग्रीक आणि इब्री भाषा शिकत.

सन १७९३ त, बत्तिसाव्या वर्षी, ते बंगाल्यात आले व मुनशी रामराम बसू यांजपाशी बंगाली शिकू लागले. पुढील वर्षी ते मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीस गेले. तेथे साहेबांची पुस्तकी बंगाली मजुरांस कळेना, व मजुरांची बोली साहेबांस उमजेना. तेव्हा तो कारखाना व भोवतालची खेडी हीच त्यांची शाळा झाली. सन १८०१ त त्यांनी बंगाली संवादांचे पुस्तक छापिले. त्यात मजूर, कोळी, व बाजारास जाणाऱ्या बायका आपापल्या बोलीत बोलतात. पुढे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या मराठीचे व्याकरण सन १८०५ त व कोश सन १८१० त प्रसिद्ध केला. सन १८३४ त ते श्रीरामपूर येथे निवर्तले.

प्रौढांस शिकविणाऱ्या बंधुभगिनींनो, धडा शिकणाऱ्याच्या शेतापासून व बाजारापासून आरंभावा. तेथील शब्द त्यास आधीच ठाऊक असतात.