अनभिषिक्त राजाचा पराभव

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा १९२३ पासून उभा आहे. या शहरात नगरसेवक शेकडोंनी झाले. पण महापालिकेच्या दारात उभे राहण्याचा असा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला. मुंबईच्या नागरी कारभाराचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र ज्या लोकनियुक्त महापालिकेसाठी त्यांनी उमेदीच्या काळात आवाज उठवला, तिच्याच निवडणुकीत वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांना पराभव पाहावा लागला, याचा आज अनेकांना विसर पडला आहे. हा पराभव कोणत्या मतदारसंघात झाला, यातच त्याचे मर्म आहे.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८६४ मध्ये पदवी घेतल्यावर रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते कायद्याच्या शिक्षणासाठी विलायतेस गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाच्या तेजीचा फुगा फुटला आणि मुंबईतील भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीत शिष्यवृत्तीचा आधारही गेला. तरीही फिरोजशहांनी शिक्षण पूर्ण केले. लंडनमधील वास्तव्यात दादाभाई नौरोजींचा सहवास त्यांना लाभला. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले, तेव्हा शहराच्या कारभारावरून वादळ घोंघावू लागले होते.

१८६५ च्या कायद्याने महापालिकेची सारी कार्यकारी सत्ता सरकारनियुक्त आयुक्ताकडे दिली होती. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती जस्टिस ऑफ द पीस या सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या मंडळाने. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड मोठा धडाडीचा अधिकारी. रस्ते, गटारे, मंडई अशी कामे त्याने झपाट्याने केली. पण खर्चाला धरबंध उरला नाही आणि पालिका कर्जात बुडाली. करदाते खवळले. १८७१ मध्ये क्रॉफर्डविरुद्ध शहरात मोठी चळवळ उभी राहिली.

त्या वेळी सव्वीस वर्षांचे असलेल्या फिरोजशहांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून त्यांनी सुधारणेचा आराखडा मांडला. कारभार हाकण्यासाठी एकच जबाबदार आयुक्त असावा. पण त्याला जाब विचारणारी सभा सरकारने नेमलेली नसून प्रामुख्याने करदात्यांनी निवडून दिलेली असावी, हा त्याचा गाभा होता. श्रोत्यांना क्रॉफर्डची पाठराखण रुचली नाही. तथापि १८७२ मध्ये झालेला महापालिका कायदा पुष्कळसा त्याच दिशेने गेला.

या कायद्याने चौसष्ट सदस्यांची महापालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडायचे, सोळा सरकारने नेमायचे आणि उरलेले सोळा जस्टिस मंडळींनी आपल्यातून निवडून द्यायचे, अशी विभागणी होती. मताधिकार वर्षाला किमान पन्नास रुपये कर भरणाऱ्यांपुरता होता. १८७२ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सहा लाख चव्वेचाळीस हजारांच्या घरात होती. त्या मानाने मतदार मूठभरच. तरीही निम्मी सभागृहे करदात्यांच्या मतांवर भरू लागणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

फिरोजशहांचे सार्वजनिक जीवन या सभागृहाशी एकरूप झाले. १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८८८ च्या कायद्याच्या जडणघडणीत त्यांचा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. त्यानुसार सदस्यसंख्या बहात्तर झाली. वॉर्डांतून निवडून येणाऱ्यांच्या जागा छत्तीसवर गेल्या आणि मताधिकाराची अट तीस रुपयांवर आली. विद्यापीठ आणि बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स यांना प्रत्येकी दोन जागा मिळाल्या. जस्टिस मंडळींचा सोळा जागांचा मतदारसंघ मात्र जसाच्या तसा राहिला. अनेक दुरुस्त्यांनंतरही मुंबई महापालिका आज याच १८८८ च्या कायद्यावर चालते.

१८९२ च्या कौन्सिल कायद्यानंतर मुंबई महापालिकेला प्रांतिक कायदेमंडळात प्रतिनिधी पाठवता येऊ लागला, तेव्हा तिने फिरोजशहांनाच निवडले. तत्पूर्वी १८९० मध्ये कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. १९०४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९०५ मध्ये ते तिसऱ्यांदा महापालिकेचे अध्यक्ष झाले. कायद्यातील कलमांवर हुकमत, धारदार वक्तृत्व आणि अंदाजपत्रकाचा बारकाईने अभ्यास यांमुळे सभागृहात त्यांच्या शब्दाला विलक्षण वजन होते. मुंबईचे अनभिषिक्त राजे ही उपाधी त्यांना मिळाली ती याच दबदब्यामुळे. हा दबदबा नोकरशाहीला बोचत होता.

१९०७ च्या निवडणुकीत त्या सलाचा स्फोट झाला. फिरोजशहा जस्टिस मंडळींच्या मतदारसंघातून उभे होते. त्यांना सभागृहाबाहेर ठेवण्यासाठी विरोधकांनी सोळा जागांसाठी सोळा उमेदवारांची यादीच तयार केली. इतिहासात हा गट ‘कॉकस’ या नावाने ओळखला जातो. महालेखापाल हॅरिसन हे त्याचे प्रमुख सूत्रधार. महापालिका आयुक्त शेपर्ड, पोलीस आयुक्त गेल आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांची नावेही त्याच्याशी जोडली गेली. ज्यांच्या कारभारावर महापालिकेने नजर ठेवायची, तेच सदस्य ठरवू लागले, हा यातील खरा आक्षेपार्ह भाग होता.

निकाल लागला तेव्हा फिरोजशहा सतराव्या क्रमांकावर होते. जागा सोळाच होत्या.

शहरात संतापाची लाट उसळली. माधवबागेत निषेधाची प्रचंड सभा भरली आणि तिचे अध्यक्षस्थान गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्वीकारले. अधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपाचा प्रश्न एका व्यक्तीचा राहिला नाही, तो शहराच्या हक्काचा बनला. पुढे निवडून आलेल्या सोळांपैकी एकाची निवड कायद्याच्या कसोटीवर टिकली नाही आणि रिकाम्या जागेवर सतराव्या क्रमांकाचे फिरोजशहा सभागृहात परतले. त्याच वर्षी पोलिसांच्या खर्चाचा दीर्घकाळ चाललेला वादही कायद्याने मिटला. हा भार सरकारने उचलला, तर प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय मदतीची जबाबदारी महापालिकेकडे आली. १९११ मध्ये फिरोजशहा चौथ्यांदा अध्यक्ष झाले.

शेवट गोड झाला, तरी या प्रकरणाने उघडी पाडलेली उणीव झाकता येत नाही. जस्टिस हे सरकारने नेमलेले मतदार. त्यांत सरकारी अधिकारी होते आणि सरकारदरबारी पत सांभाळून असणारे व्यापारीही होते. अशा मतदारसंघात अधिकाऱ्यांचा एक इशारा पुरेसा ठरतो. नेमणुकीच्या सत्तेला विरोध करीत राजकारणात आलेला नेता अखेर नेमलेल्या मतदारांच्या भरवशावर उभा होता. ही विसंगती त्यांच्या एकट्याची नव्हती. ती शिकलेल्या आणि मालमत्ताधारक वर्गापुरत्या राहिलेल्या त्या काळच्या राजकारणाची मर्यादा होती. माधवबागेत त्यांच्यासाठी गर्दी करणाऱ्यांतील बहुतेकांना महापालिकेत मत नव्हते. गिरण्यांत राबणारी, चाळींत राहणारी मुंबई मतदारयादीच्या बाहेरच होती.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहांचे निधन झाले. मताधिकाराचा विस्तार पाहायला ते राहिले नाहीत. १९२२ च्या सुधारणेने जस्टिस मंडळींचा मतदारसंघ गेला आणि ठरावीक भाडे भरणाऱ्या भाडेकरूंनाही मत मिळाले. १९४८ मध्ये प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि गिरणगावातील कामगारही नगरसेवक निवडू लागला.

आज मुंबईचे २२७ प्रभाग आहेत. प्रत्येक निवडणुकीपूर्वी प्रभागांच्या सीमा, आरक्षणे आणि मतदारयाद्या यांवरून वाद झडतात, तेव्हा अनेकांना तो राजकीय पक्षांचा किरकोळ हिशेब वाटतो. फिरोजशहांच्या चरित्राने वेगळे काही शिकवावे. चाळीस वर्षांच्या सेवेची पुण्याई आणि वक्तृत्वाची कीर्ती पाठीशी असलेला पुढारीही मतदारसंघाच्या रचनेपुढे हतबल ठरू शकतो. मत कोणाचे आणि यादी कोणाच्या हातची, हे प्रश्न मतमोजणीच्या फार आधी सुटलेले असतात. त्यांकडे दुर्लक्ष करणारे शहर आपला कारभारी निवडण्याचा हक्क नकळत दुसऱ्याच्या स्वाधीन करीत असते.