डॉ. ताकाशी नागाई : राखेतही शांती

नागासाकी हे नाव आपण वसईकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच शहरातील टेकडीवर आपल्या २५ सोबत्यांसह क्रुसावर प्राणार्पण केले. त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४५ रोजी, याच शहरावर अणुबॉम्ब पडला. त्या दिवशी तेथील वैद्यकीय महाविद्यालयात एक कॅथलिक डॉक्टर काम करीत होते. पुढच्या काही दिवसांत त्यांची पत्नी, घर आणि देशाचा विजय हे सारे हातातून गेले. तरीही त्यांनी मनाची शांती गमावली नाही. त्यांचे नाव डॉ. ताकाशी नागाई.

नागाई यांचा जन्म १९०८ साली जपानमधील मात्सुए येथे झाला. वडील डॉक्टर होते. घरचा धर्म शिंतो; पण १९२८ मध्ये नागासाकीला वैद्यकशास्त्र शिकायला गेल्यावर ताकाशीचा कोणत्याच देवावर विश्वास राहिला नाही. माणूस म्हणजे केवळ शरीर, असे त्यांना वाटू लागले. १९३० मध्ये आई मृत्युशय्येवर असताना ते धावत घरी गेले. तिला बोलता येत नव्हते, ती केवळ मुलाकडे पाहत राहिली. त्या नजरेने त्यांच्या नास्तिकपणाला तडा गेला. आईचा आत्मा मरणार नाही, अशी त्यांची खात्री पटली. त्यानंतर ते पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाचे लेखन वाचू लागले. इतका मोठा शास्त्रज्ञ प्रार्थना कशी करू शकतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

म्हणून त्यांनी उराकामी या भागात एका कॅथलिक कुटुंबात राहायला जागा घेतली. हे मोरियामा कुटुंब साधेसुधे नव्हते. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर उराकामीच्या भाविकांनी सुमारे अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून, लपूनछपून श्रद्धा जपली होती. आईबाप मुलांना गुपचूप बाप्तिस्मा देत, प्रार्थना तोंडपाठ करून घेत. या गुप्त ख्रिस्ती लोकांचे पुढारीपण मोरियामांच्या घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या होते. १९३२ च्या नाताळात नागाई या कुटुंबाबरोबर मध्यरात्रीच्या मिस्साला गेले. पुढे सैन्यात मांचुरियाला जावे लागले, तेव्हा घरातील कन्या मिदोरी हिने त्यांना धर्मशिक्षणाचे पुस्तक पाठविले. परत आल्यावर जून १९३४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेऊन पौल हे नाव धारण केले आणि ऑगस्टमध्ये मिदोरीशी त्यांचा विवाह झाला. ते संत विन्सेंट द पॉल संस्थेचे सभासद झाले व गरिबांना मोफत तपासू लागले.

नागाई क्ष-किरण विभागात काम करीत. युद्धकाळात फिल्मचा तुटवडा पडला, तेव्हा क्षयाच्या रुग्णांना ते क्ष-किरणांसमोर उभे करून थेट डोळ्यांनी तपासत. त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आयुष्य फार तर तीन वर्षांचे उरले होते. त्यांनी हे मिदोरीला सांगितले. दोघांनी मिळून प्रार्थना केली आणि पुढचे सारे देवाच्या हाती सोपविले. आपण आधी जाणार आणि पत्नी मुलांना सांभाळणार, असेच नागाई धरून चालले होते.

९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब पडला. तो उराकामीच्याच आकाशात फुटला. कॅथेड्रलमध्ये १५ ऑगस्टच्या स्वर्गोन्नयन सणाच्या तयारीसाठी पापनिवेदन चालू होते. धर्मगुरू आणि भाविक तेथेच मरण पावले. उराकामीतील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,००० हून अधिक लोक गेले. वर्षअखेरपर्यंत शहरातील मृतांचा आकडा सुमारे ७४,००० झाला. नागाईंच्या उजव्या कानशिलाची रक्तवाहिनी तुटली होती. जखमेला पट्टी बांधून ते उरलेल्या सहकाऱ्यांसह जखमींची सेवा करीत राहिले. ११ तारखेला ते घरी पोहोचले. तेथे राख होती. स्वयंपाकघराच्या जागी त्यांना मिदोरीची जळालेली हाडे सापडली आणि त्यांजवळ तिची वितळलेली जपमाळ. ती हाडे त्यांनी स्वतःच्या हातांनी गोळा केली. माकोतो आणि कायानो ही दोन मुले आजीबरोबर डोंगरातील खेड्यात होती, म्हणून वाचली.

१५ ऑगस्टला जपानने शरणागती पत्करली. नागाईंचे देशावर फार प्रेम होते. ते आणि त्यांचे सहकारी त्या वेळी खेड्यांत फिरून जखमींवर उपचार करीत होते. शरणागतीची बातमी समजताच सर्वांचे हातपाय गळाले. तेवढ्यात एक माणूस रुग्णाला बघायला या, म्हणून बोलवायला आला. नागाईंनी आधी नकार दिला. देशच बुडाला, आता एकदोन माणसे वाचली काय आणि गेली काय, असे त्यांना वाटले. पण लगेच त्यांचे मन पालटले. देश हरला तरी त्या एका रुग्णाचा जीव देवापुढे तितकाच मोलाचा आहे, हे त्यांना उमगले. त्यांनी त्या माणसाला परत बोलावून घेतले आणि पिशवी उचलून सारे कामाला निघाले. त्यांच्या शांतीचे मूळ आपल्याला इथे सापडते. राष्ट्राचे काय होणार, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पण समोरच्या माणसासाठी आज काय करायचे, हे प्रभू येशूने त्यांना शिकविले होते.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजी कॅथेड्रलच्या अवशेषांजवळ मृतांसाठी पवित्र मिस्सा झाला. तेथे नागाई बोलले. उराकामीचे बळी हे युद्धाच्या पापासाठी देवाला अर्पण झालेले निष्कलंक कोकरू आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. शोकाकुल लोकांना त्यातून धीर मिळाला. मात्र सर्वांनाच हे पटले नाही. अशा विचाराने बॉम्ब टाकणाऱ्यांची व युद्ध पेटविणाऱ्यांची जबाबदारी झाकली जाते, अशी टीका पुढे झाली. ही टीका आपणही लक्षात ठेवावी, कारण निष्पापांचे मरण ही देवाची इच्छा होती, असे आपण सहज बोलून जातो. स्वतः नागाईंनी युद्धाला कधीच माफ केले नाही. मुलांसाठी लिहिताना त्यांनी त्यांना बजावले, की सारा देश पुन्हा युद्धाची भाषा बोलू लागला, तरी तुम्ही एकटे पडून का होईना, विरोध करा.

त्या वर्षी नाताळच्या तयारीत भाविकांनी कॅथेड्रलच्या ढिगाऱ्यातून एक घंटा अखंड बाहेर काढली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती वाजली. शहरात ना वीज ना घरे, पण तो नाद ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले.

१९४६ च्या मध्यापासून नागाई अंथरुणाला खिळले. १९४८ मध्ये उराकामीच्या भाविकांनी त्यांना दोन चटयांएवढी एक खोली बांधून दिली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या प्रभूच्या आज्ञेवरून त्यांनी तिला न्योकोदो हे नाव दिले. तेथे पडल्या पडल्या त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली. ‘नागासाकीची घंटा’ हे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले व देशभर वाचले गेले. मिळालेल्या पैशांतील मोठा वाटा त्यांनी उराकामीच्या उभारणीसाठी दिला. १,००० चेरीची झाडे लावून घेतली. हेलन केलर आणि खुद्द जपानचे सम्राट त्यांना भेटायला आले. १ मे १९५१ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आज ते मिदोरीशेजारी विसावले आहेत.

प्रिय धर्मग्रामस्थांनो, देशावर संकट येते तेव्हा आपण बातम्या ऐकतो, घाबरतो, कुणाला तरी दोष देतो. ते सारे आपल्या हाती नसते. पण गल्लीतील आजारी म्हातारी, घरात एकटे पडलेले कुणी, आपल्याशी अबोला धरलेला भाऊ, ही माणसे आपल्या हाकेच्या अंतरावर असतात. नागाईंनी देश बुडालेला असताना पिशवी उचलली. या आठवड्यात आपणही एका तरी दारी जाऊन येऊ या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.