मंगळावर कालवे आहेत म्हणून त्याने वेधशाळा बांधली, पण कालवे निघाले नजरेचा खेळ

मंगळ म्हटलं की एलियन, हे समीकरण डोक्यात इतकं फिट बसलंय की मंगळावरच्या साध्या दगडाचा फोटो आला तरी कुणाला त्यात चेहरा दिसतो, तर कुणाला दरवाजा. या वेडाला सगळ्यात जास्त हवा दिली ती पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकन माणसाने.

लॉवेलचा जन्म १३ मार्च १८५५ चा, बॉस्टनमधला. घरात पिढीजात पैसा. भाऊ पुढे हार्वर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, बहीण एमी नावाजलेली कवयित्री. लॉवेल स्वतः १८७६ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाला आणि पुढे काही वर्षं जपान-कोरियात रमला. तिथल्या समाजावर पुस्तकंही लिहिली.

मग हा गडी मंगळाकडे वळला कसा?

तर १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला होता. तेव्हा मिलानच्या जोव्हान्नी स्कियापारेल्लीने दुर्बिणीतून बघून मंगळाचा नकाशा काढला. त्यात त्याला रेषा दिसल्या. त्यांना त्याने नाव दिलं 'कनाली'. इटालियनमध्ये याचा अर्थ निसर्गाने तयार झालेला चर असाही होतो. पण इंग्रजीत त्याचं झालं 'कॅनल', म्हणजे खोदलेला कालवा. सुएझ कालवा सुरू होऊन तेव्हा ८ वर्षंच झाली होती. साहजिकच प्रश्न आला, मंगळावर कालवे खोदले कुणी?

१८९४ मध्ये मंगळ पुन्हा जवळ येणार होता. लॉवेलने अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफजवळ, सुमारे ७ हजार फूट उंचीवर, स्वखर्चाने वेधशाळा उभारली. तिथून त्याला शेकडो रेषा दिसल्या आणि त्यावरून त्याने एक अख्खी गोष्ट रचली. मंगळ वाळत चाललाय, पाणी फक्त ध्रुवांवरच्या बर्फात उरलंय आणि तिथले हुशार रहिवासी कालव्यांनी ते पाणी विषुववृत्ताकडे आणतायत. गडद पट्टे म्हणजे वनस्पती. १८९५, १९०६ आणि १९०८ मध्ये त्याची मंगळावरची तीन पुस्तकं आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

पण शास्त्रज्ञांना शंका होती. १९०३ मध्ये ब्रिटनच्या एडवर्ड माँडरने शाळकरी मुलांना लांबून एक चित्र दाखवलं आणि ते कागदावर उतरवायला सांगितलं. चित्रात नुसते ठिपके आणि डाग होते, तरी अनेक मुलांनी सरळ रेषा काढल्या. म्हणजे लॉवेल खोटं बोलत नव्हता. अंधुक ठिपके जोडून रेषा बनवणं ही आपल्या मेंदूची सवयच आहे.

खरा घाव घातला हवामानाच्या गणिताने. १९०७ मध्ये लॉवेलने मंगळाचं सरासरी तापमान सुमारे ९ अंश सेल्सिअस काढलं, म्हणजे स्वेटर घालून राहता येईल इतकं. त्याच वर्षी उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनच्या बरोबरीने नाव घेतलं जाणारा ८४ वर्षांचा आल्फ्रेड रसेल वॉलेस मैदानात उतरला. सूर्यापासूनचं अंतर आणि विरळ हवा बघता मंगळ गोठणबिंदूच्या कितीतरी खाली असणार आणि उघड्या कालव्यातलं पाणी वाटेतच संपणार, असं त्याने मांडलं. १९०९ मध्ये युजीन अँटोनियाडीने पॅरिसजवळच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर सरळ रेषांच्या जागी तुटक डाग दिसले.

लॉवेल शेवटपर्यंत मागे हटला नाही. १२ नोव्हेंबर १९१६ ला फ्लॅगस्टाफमध्येच त्याचं निधन झालं.

जुलै १९६५ मध्ये 'मरिनर ४' यान मंगळाजवळून गेलं. फोटोंमध्ये कालवे नव्हते, होती ती विवरं. आज माहीत आहे की मंगळाचं सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे. हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहून कमी आणि त्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. इतक्या कमी दाबात पाणी जमिनीवर टिकत नाही, ते गोठतं किंवा उडून जातं. आणि ते गडद पट्टे? वाऱ्याने धूळ सरकली की त्यांचा आकार बदलतो.

पण मंगळ वाळलाय, हे मात्र खरं निघालं. ३०० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथे नद्या आणि तळी होती. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे पकड कमी. त्यात चुंबकीय कवच गेलं आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने बरीचशी हवा अवकाशात उडून गेली.

लॉवेलची वेधशाळा मात्र वाया गेली नाही. दूरच्या बहुतेक दीर्घिका आपल्यापासून लांब पळतायत, याची पहिली मोजमापं तिथेच व्हेस्टो स्लायफरने घेतली. १९३० मध्ये प्लुटोही तिथेच सापडला. त्या टेकडीला आजही 'मार्स हिल' म्हणतात आणि लॉवेलची समाधी तिथेच, त्याच्या दुर्बिणीच्या घुमटाशेजारी आहे.