विश्लेषण : अकराव्या वर्षी थेट कॉलेजात! नॉर्बर्ट वीनर यांना ‘डबल प्रमोशन’ कोणी आणि कसे दिले?

सप्टेंबर १९०६. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या टफ्ट्स कॉलेजात नवे वर्ष सुरू झाले. पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी बहुतेक जण अठराच्या आसपासचे होते. एक मुलगा मात्र अजून बारा वर्षांचाही झाला नव्हता. त्याचे नाव नॉर्बर्ट वीनर.

सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर दिलेल्यांना हे नाव आठवेल. अस्पष्ट फोटो किंवा खरखरीचा आवाज साफ करण्यासाठी आजही वापरला जाणारा ‘वीनर फिल्टर’ त्यांचाच. ‘सायबर गुन्हे’, ‘सायबर कॅफे’ यातला ‘सायबर’ त्यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथामुळे जगभर पोहोचला. वर्ग गाळून पुढे गेलेल्या मुलांची चर्चा निघाली की त्यांचे उदाहरण हमखास येते. कुणी ते यश म्हणून सांगतो, कुणी इशारा म्हणून. प्रत्यक्षात त्यांच्याबाबतचे निर्णय कोणी घेतले, काय पाहून घेतले आणि त्यात काय पाहायचे राहिले?

वाचन पुढे, हिशेब मागे

नॉर्बर्टचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे झाला. वडील लिओ वीनर मूळचे बियालिस्टोकचे, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातले. अनेक भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते आणि पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. घरात पुस्तकांचा सुकाळ होता आणि मुलगा लहानपणीच त्यात बुडाला.

सातव्या वर्षाच्या सुमारास त्याला केंब्रिज शहरातल्या पीबडी शाळेत घातले. तिथे पहिला पेच उभा राहिला. वाचन पाहिले तर पोरगा वयाच्या कितीतरी पुढे. त्याला तिसरीत बसवले आणि लवकरच चौथीत. पण हिशेबात तो बोटे मोजायचा. पाढे पाठ नव्हते, अक्षरही वाईट होते. शाळेच्या दृष्टीने उपाय सरळ होता : आणखी घोकंपट्टी.

लिओ यांचे निदान उलटे होते. मुलाला गणित जमत नाही असे नाही, त्याला ते कंटाळवाणे वाटते आहे. त्याला पाढे नकोत, बीजगणित हवे. त्यांनी त्याला शाळेतून काढले आणि घरी बीजगणित सुरू केले. निदान बरोबर ठरले.

एकच मूल एका विषयात तिसरीच्या पुढे, दुसऱ्यात तिसरीच्याही मागे आणि खोलवर पाहिले तर त्याच विषयात हायस्कूलच्या पातळीवर असू शकते. अशा मुलाची इयत्ता कोणती? पीबडी शाळेकडे याचे उत्तर नव्हते, आणि त्यासाठी शाळेला फार दोष देता येत नाही. इयत्ता ही एकच संख्या असते. मूल एका संख्येत मावत नाही.

घरच्या शाळेचा खर्च

घरच्या शिकवणीत गती होती, पण धाक त्याहून जास्त होता. धडा शांतपणे सुरू व्हायचा आणि पहिली चूक झाली की वडिलांचा पारा चढायचा. जर्मनमिश्रित ओरडा, मग रडणे, मग आईने मध्ये पडणे, असा क्रम ठरलेला. त्याहून बोचणारी गोष्ट जेवणाच्या टेबलावर घडायची. दिवसभरातल्या चुका पाहुण्यांसमोर थट्टेने सांगितल्या जात. वीनर यांनी पन्नाशी उलटल्यावर हे लिहिले, तेव्हाही तो सल ताजा होता.

आठव्या वर्षी दृष्टी इतकी अधू झाली की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद करायला सांगितले. धडे मात्र थांबले नाहीत. सगळे तोंडी सुरू राहिले. समीकरणे डोक्यात मांडायची आणि डोक्यातच सोडवायची. पुढे आयुष्यभर त्यांना याचा उपयोग झाला.

एअर हायस्कूलने काय वेगळे केले?

१९०३ मध्ये लिओ यांनी हार्वर्ड नावाच्या गावात शेत घेतले. (हे गाव वेगळे, विद्यापीठ वेगळे. विद्यापीठ केंब्रिजमध्ये आहे.) शेजारच्या एअर या छोट्या गावातल्या हायस्कूलने नऊ वर्षांच्या नॉर्बर्टला घ्यायची तयारी दाखवली. हा सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो कुठल्याही नामांकित संस्थेने नव्हे तर साध्या गावच्या शाळेने घेतला.

शाळेने त्याची इयत्ता आधी ठरवलीच नाही. विशेष विद्यार्थी म्हणून त्याला प्रवेश दिला, निरनिराळ्या तासांना बसवले आणि तो कुठे टिकतो ते पाहिले. त्याचे बहुतेक काम हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या तोडीचे आहे हे थोड्याच काळात दिसले. मग त्यानुसार वर्ग दिला. आज ज्याला चाचणी कालावधी म्हणतात तो हाच. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हते आणि त्यासाठी फॉर्मही नव्हता.

वर्गमित्र सुमारे सात वर्षांनी मोठे. त्यांच्याशी खरी मैत्री होणे शक्य नव्हते. पण गाव छोटे असल्याने तासांना मोठ्यांबरोबर आणि खेळायला बरोबरीच्यांबरोबर अशी सोय आपोआप झाली. शाळेतल्या एका शिक्षिकेचा भाचा त्याच्याच वयाचा होता आणि ही दोस्ती पुढेही टिकली. गावाने त्याचे कौतुकही फार केले नाही आणि तमाशाही केला नाही. वीनर यांनी या गावाविषयी कायम कृतज्ञता बाळगली.

याच काळात, दहाव्या वर्षी, त्याने एक तत्त्वज्ञानविषयक निबंध लिहिला. विषय होता अज्ञान. माणसाचे कोणतेच ज्ञान पूर्ण नसते, असा त्याचा रोख होता. सगळे जण ज्याच्या ज्ञानाचे मोजमाप करत होते त्या मुलाने हा विषय निवडावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हार्वर्ड का नाही?

१९०६ मध्ये हायस्कूल संपले. वडील हार्वर्डमध्येच प्राध्यापक, म्हणजे तिथे प्रवेशाचा विचार होणारच. पण तिथल्या प्रवेश परीक्षेचा ताण आणि इतक्या लहान मुलामुळे होणारी वर्तमानपत्री चर्चा टाळायची म्हणून लिओ यांनी टफ्ट्स निवडले. तिथे हायस्कूलच्या गुणांवर आणि थोड्या चाचणीवर भागले. मुलगा घरी राहून जाऊ शकत होता. निर्णय समंजस होता, पण तो वडिलांचा होता. मुलाला काय वाटते हा प्रश्न ना शाळेने विचारला, ना घरी कुणी.

तीन वर्षांत, १९०९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी तो गणित घेऊन पदवीधर झाला. पण अमेरिकेतल्या गुणवंत विद्यार्थ्यांना ज्या ‘फाय बीटा कॅपा’ संस्थेचे सदस्यत्व मिळते ते त्याला मिळाले नाही. बालपणी चमकलेल्या मुलांचे पुढे काय होते याची खात्री नसल्याने त्याला हा मान देणे योग्य ठरेल का, अशी शंका घेतली गेली, हे त्याला नंतर कळले. वर्ग गाळायला परवानगी देणारी आणि ते गाळल्याबद्दल शंका घेणारी व्यवस्था एकच होती!

मग त्याने हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. डोके तयार होते, हात नव्हते. नजर अधू, बोटांना सफाई नाही. प्रयोगशाळेतली चिरफाड आणि सूक्ष्मदर्शकाचे काम जमेना. वर्षभरात ते सुटले. वडिलांनी ठरवले, आता तत्त्वज्ञान. १९१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, पण घरापासून पहिल्यांदाच दूर गेलेल्या पोराला स्वतःचे वेळापत्रकही सांभाळता येईना. शिष्यवृत्ती पुढे चालू राहिली नाही. पुन्हा वडिलांनी ठरवले, पुन्हा हार्वर्ड.

घाव घालणारा लेख

१९११ मध्ये एका मासिकात बालशिक्षणाच्या नव्या पद्धतींवर लेख आला. त्यात लिओ यांचे मत छापून आले : आपली मुले काही जन्मतः असामान्य नाहीत, हे सगळे शिकवण्याचे फळ आहे. सोळा वर्षांच्या मुलाने ते वाचले. त्याने त्यातून काढलेला अर्थ साधा होता. यश मिळाले तर ते वडिलांचे, अपयश आले तर ते आपले. तेव्हाच्या नैराश्याचे मूळ बरेचसे इथे आहे, आणि नैराश्याच्या लाटा पुढे आयुष्यभर येत राहिल्या.

त्याच काळात हार्वर्डमध्ये कमी वयाची एकूण पाच मुले होती. त्यातला विल्यम जेम्स सायडिस सर्वांत गाजलेला. त्याच्या वडिलांनी आधी अर्ज केला तेव्हा विद्यापीठाने वय फार कमी म्हणून नकार दिला आणि १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी, प्रवेश दिला. काही महिन्यांतच त्याने चौथ्या मितीवर प्राध्यापकांसमोर व्याख्यान दिले आणि तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. पुढे त्याने गणित सोडले, किरकोळ कारकुनी नोकऱ्या केल्या. १९३७ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ने त्याचा ठावठिकाणा शोधून खिल्ली उडवणारा लेख छापला. त्याने खासगीपणाच्या हक्कासाठी खटला भरला आणि तो हरला. १९४४ मध्ये ४६व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

सायडिसची गोष्ट सांगून अनेकजण विषय संपवतात. पण त्याच पाचांतला एडॉल्फ बर्ली पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा सल्लागार झाला आणि रॉजर सेशन्स नामांकित संगीतकार. एका मुलाच्या उदाहरणावरून काहीच सिद्ध होत नाही, दोन्ही बाजूंनी.

आज हे कसे ठरवतात?

बदल १९७१ नंतर वेगाने झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाची ‘सॅट’ परीक्षा द्यायला लावली. कारण साधे होते. सातवीच्या पेपरात शंभर गुण मिळवणारी दोन मुले सारखीच दिसतात. त्यातले एक आठवीला योग्य असेल, दुसरे थेट बारावीला. पेपर अवघड केल्याशिवाय फरक कळत नाही. लिओ यांनी पाढ्यांऐवजी बीजगणित देऊन जे केले, त्याचेच हे शास्त्रशुद्ध रूप. शिवाय सगळी इयत्ता न गाळता एकाच विषयाच्या तासाला वरच्या वर्गात बसणे हा मार्गही रुळला.

संपूर्ण इयत्ता गाळायची असेल तर अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा आयोवा विद्यापीठात तयार झालेली मोजपट्टी वापरतात. ‘आयोवा अ‍ॅक्सिलरेशन स्केल’ असे तिचे नाव. मुख्याध्यापक, आताचे शिक्षक, पुढच्या वर्गाचे शिक्षक, समुपदेशक आणि पालक एकत्र बसून ती भरतात. बुद्ध्यंक आणि गुण असतातच. त्याखेरीज मुलाची शारीरिक वाढ, हातांची सफाई, इतर मुलांशी आणि शिक्षकांशी कसे जमते, हेही विचारले जाते. हातांची सफाई हा मुद्दा वाचून प्राणिशास्त्राची ती प्रयोगशाळा आठवल्याशिवाय राहत नाही.

काही गोष्टी असल्या तर विषय तिथेच थांबतो. मुलाचा भाऊ किंवा बहीण त्याच वर्गात किंवा ज्या वर्गात घालायचे आहे तिथे असेल तर नको. आणि मुलालाच पुढे जायचे नसेल तर नको, गुण कितीही असोत.

मोठ्या प्रमाणावरचे संशोधन एकंदरीत वर्ग गाळण्याच्या बाजूने आहे. २००४ मध्ये आयोवातूनच निघालेल्या अहवालाने तर शाळा हा पर्याय भीतीपोटी नाकारतात, असा ठपका ठेवला. सरासरी पाहता पुढे गेलेली मुले अभ्यासात टिकतात आणि त्यांचे सामाजिक नुकसानही होत नाही. नॉर्बर्टच्या बाबतीतही अभ्यासाचा अंदाज चुकला नव्हता. एअर आणि टफ्ट्स, दोन्ही ठिकाणी तो टिकला.

वीनर यांचे पुढे काय झाले?

१९१३ मध्ये, अठराव्या वर्षी, गणिती तर्कशास्त्रावर त्यांनी हार्वर्डची पीएचडी मिळवली. मग इंग्लंडमधल्या केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याकडे आणि जर्मनीत गटिंगेनला हिल्बर्ट यांच्याकडे. पहिल्यांदाच वडील जवळ नव्हते आणि आजूबाजूला वयापेक्षा काम पाहणारी माणसे होती. १९१९ मध्ये ते एमआयटीत रुजू झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीला त्यांनी काटेकोर गणित दिले. महायुद्धात विमानवेधी तोफांसाठी विमान पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधण्याचे गणित केले. फिल्टर तिथूनच आला.

भारताशीही त्यांचे नाते होते. गोव्यात जन्मलेले आणि केंब्रिज-हार्वर्डमध्ये शिकलेले गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे स्नेही. १९५५-५६ मध्ये वीनर यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काही महिने काम केले.

त्याआधी, १९५३ मध्ये, त्यांनी बालपणाची हकीकत लिहिली आणि तिचे नाव ‘एक्स-प्रॉडिजी’ ठेवले. म्हणजे माजी बालप्रतिभा. त्यात वडिलांवर राग आहे आणि त्यांच्याविषयी आदरही आहे. सायडिसवरच्या १९३७च्या लेखाचा त्यांनी त्यात कडक समाचार घेतला.

जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. दोन महिन्यांनी, १८ मार्चला, स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले. वय ६९ होते.